कंदीलवाल्याचा आवाज

११ जानेवारी

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून फेकून दिलं नसशील तर वाच. भांडण मिटलेलं नाही आणि मी मिटवायलाही आलेले नाही. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. पत्त्यासाठी प्लंबरच्या मागे महिनाभर हात धुऊन लागले होते. शेवटी त्याने दिला, आणि वर 'मी दिला म्हणून सांगू नका' असं बजावलं. तेव्हा त्याने दिलेला नाही, हे लक्षात ठेव.

काम असं आहे. तुझा रविवारचा खेळ आता मी चालवते.

हसलास ना? हस. तू सप्टेंबरात पिशवी उचलून गेलास, पण जाताना कुणाला काही सांगितलं नाहीस. पुढच्या रविवारी तिघंही नेहमीसारखी दारात हजर. प्लंबर, गणिताच्या बाई, आणि चष्म्याच्या दुकानातली ती पोरगी, जिला तुम्ही चष्मिस म्हणता. दारातून परत पाठवणं माझ्या जिवावर आलं. म्हटलं बसा, चहा टाकते. चहा झाला तरी कुणी उठेना. तुझे फासे टेबलावर तसेच पडलेले, आणि यांची खेळातली माणसं भुयारात अर्ध्या वाटेवर अडकलेली. बाई म्हणाल्या, "ताई, आम्हाला निदान बाहेर तरी काढा." मी म्हटलं, मला यातलं ओ की ठो कळत नाही. तर म्हणतात कशा, "सूत्रधाराला कळायला कशाला हवं? कळतंय असं आम्हाला वाटलं की झालं."

तेव्हापासून मी सूत्रधार. मी सांगते, समोर दार आहे, दाराला कुलूप आहे. ते सांगतात, तोडतो. मग फासे टाकतात, आणि तुटलं की नाही ते फासे ठरवतात. एवढं जमतं मला. भुयार काही संपत नाही, पण त्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

तक्रार वेगळीच आहे. कुणी घाबरत नाही. तू चालवायचास तेव्हा स्वयंपाकघरात माझ्या हातून चमचा पडला तरी तिघंही खुर्चीतून उडायची. मी मागच्या रविवारी राक्षस आणला. दोन माणसं उंच, तीन डोळे, तोंडातून लाळ, सगळं तुझ्या पुस्तकातून शोधून काढलेलं. प्लंबर गंभीरपणे म्हणाला, "ताई, याला दात किती?" मी कवळ्या करायच्या धंद्याच्या सवयीने सांगून गेले, वरचे सोळा, खालचे सोळा, खाली उजवीकडच्या दाढेला कीड आहे, कवळी लागेल. हसून हसून चष्मिसच्या डोळ्यांतून पाणी आलं. राक्षस बिचारा तसाच उभा.

तर माणसाला भीती कशी घालायची, तेवढं कळव. चार ओळी पुरेत. बाकी काही लिहायची गरज नाही.

ताई


२५ जानेवारी

धाकट्या,

उत्तर नाही. ठीक आहे. तू लहानपणीही रुसलास की भिंतीकडे तोंड करून बसायचास, आणि जेवायची वेळ झाली की आपोआप वळायचास. तिथे जेवायला कोण हाक मारणार तुला?

मी स्वस्थ बसलेले नाही. पडदे ओढले, दिवा घालवला, भर दुपारी मेणबत्ती लावली. लॅबमधून प्लास्टरचा एक जबडा आणला आणि काळ्या कापडी पिशवीत घातला. बाईंना म्हटलं, तुमच्यापुढे एक पोतडी आहे, आत हात घाला. मला वाटलं, किंचाळतील. त्यांनी हात घातला, नीट चाचपला आणि म्हणाल्या, "कुणाचा हो हा? पुढचा दात वाकडा आहे बिचाऱ्याचा." त्यानंतर पंधरा मिनिटं आम्ही वाकड्या दातांवर बोलत होतो. तेवढ्यात शेजाऱ्याने भिंतीला ड्रिल लावलं. माझं भुयार, माझा अंधार, सगळं मुसळ केरात. बाईंनी जांभई दिली आणि ती मला दिसू नये म्हणून पदर तोंडावर धरला, ते जास्त लागलं.

जाताना प्लंबर चपला घालता घालता म्हणाला, "ताई, मार्चपासून रविवारचीही कामं यायला लागतील. बघू कसं जमतं ते." चष्मिस म्हणाली, तिलाही क्लास लावायचाय. या दोघांशिवाय बाई एकट्या कशाला येतील?

तुला खरं सांगते, कारण तू उत्तर देणार नाहीस हे आता मला ठाऊक झालंय. ही तिघं यायची थांबली तर शनिवारी मी लॅबला कुलूप लावल्यापासून सोमवारी उघडेपर्यंत माझ्याशी बोलणारं कुणी नाही. आणि लॅबमध्ये तरी कोण आहे? डॉक्टर ठसे पाठवतात, मी कवळ्या करून परत पाठवते. कोण कसं चावतं, कोण रात्री दात खातं, सगळं मला कळतं, पण तोंड कुणाचंच दिसत नाही. परवा एक बत्तिशी इतकी सुरेख जमली की मी तिच्याशी बोलले. म्हटलं, जा बाई, कुणाच्या तरी तोंडात सुखाने हस. मग दचकून मागे बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना. ऐकायला आहे कोण!

तुझा बशीचा नियम मात्र मी मोडलेला नाही. खेळाआधी प्रत्येकापुढे एक रिकामी बशी ठेवते. ज्याला सहन होणार नाही त्याने ती उपडी करायची. बशी उपडी झाली की सूत्रधाराने तोंडातलं वाक्यसुद्धा गिळायचं, खेळ तिथल्या तिथे बंद, आणि कारण कुणी विचारायचं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. तू केलेल्या सगळ्या नियमांत हाच एक मला मनापासून पटतो.

म्हणून एकच विचारते. स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या माणसाला बशी का नव्हती रे?

आईला जाऊन तीन महिने झाले नव्हते. आवाज गेल्यापासून ती काहीही हवं असलं की पलंगाशेजारच्या भिंतीवर चमचा वाजवायची. दोनदा, मग थांबून एकदा. तो आवाज आला की मी हातातलं टाकून धावायचे. आणि त्या रविवारी तू यांना भुयारातल्या बंद भिंतीपाशी नेलंस, बोलायचा थांबलास, आणि टेबलाखालून बोटांनी वाजवलंस. दोनदा, मग थांबून एकदा. मी दूध गॅसवर सोडून "आले गं" म्हणत मागच्या खोलीत पोचलेसुद्धा. आत गुंडाळलेली गादी. बाहेर आले तेव्हा तुझी तिघं भीतीने पांढरीफटक पडलेली आणि तू मान खाली घालून बसलेला. मी काय बोलले ते तुला पाठ असेल. आईचं मरण खेळायला काढलंस, म्हणाले. या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस, म्हणाले. तू ऐकलंस. एरवी एक गोष्ट ऐकत नव्हतास माझी.

जाऊ दे. दूध तेव्हाच उतू गेलं, आता पुसून काय उपयोग.

मागच्या खोलीतला पाइप पावसाळ्यापासून वाजतो. प्लंबरला दाखवायला हवा.

ताई


८ फेब्रुवारी

धाकट्या,

घाबरले! तिघंही घाबरले! कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि सांगायला तूच आहेस, म्हणून लिहिते.

आज मी काहीच तयारी केली नव्हती. अंगात कणकण होती, मनात म्हटलं आज शेवटचाच डाव, आटपून टाकू. पडदे उघडेच, बाहेर लख्ख ऊन, शेजाऱ्याचं ड्रिल चालू. तुझा कंदीलवाला यांच्याबरोबर होताच. मला तर तो पहिल्यापासून अडचणच होता. यांच्यापुढे कंदील धरून चालणारा तो म्हातारा, त्याचं बोलणं तू असा घोगरा आवाज काढून बोलायचास की मी आतून हसायचे. मला तो आवाज जमत नाही, म्हणून चार महिने मी त्याला मुका ठेवला होता. नुसता पुढे चालतो, एवढंच सांगायचे.

आज वाटलं, याची एकदाची कटकट संपवू. म्हटलं, वळणापलीकडे कंदील दिसेनासा झाला. यांनी हाका मारल्या. मी म्हटलं, उत्तर नाही. बाईंनी विचारलं, पावलांचा आवाज? मी म्हटलं, नाही. कंदिलाची काच फुटलेली दिसते का? नाही. रक्त? नाही. काहीच नाही. तो नुसता नाही.

आणि मग माझ्या मनात नसताना तोंडातून निघून गेलं, "बराच वेळ जातो. मग पुढच्या अंधारातून त्याचा आवाज येतो. म्हणतो, इकडे या, मी इथेच आहे. आवाज अगदी त्याचा आहे. फक्त तो तुमच्यापैकी एकाचंही नाव घेत नाही."

धाकट्या, ड्रिल चालू होतं आणि तरी मला खोलीत टाचणी पडलेली ऐकू आली असती. चष्मिसने बाईंचा हात धरला. बाईंनी तो सोडवून घेतला नाही. प्लंबर, एवढा धिप्पाड माणूस, खुर्ची मागे सरकवून दाराकडे बघत होता, आमच्या खऱ्या दाराकडे. बाई हळूच म्हणाल्या, "तोच आहे का हो तो?" मी म्हटलं, तुम्ही ठरवा. खरं म्हणजे मलाही माहीत नव्हतं. सूत्रधाराला माहीत नाही! हे तू कुणाला बोलू नकोस.

मग प्लंबरने घसा खाकरला आणि त्या आवाजाला विचारलं, "कंदीलवाल्या, तू खरा असशील तर सांग. मी पहिल्यांदा भुयाराच्या तोंडाशी आलो आणि खाली उतरेना, तेव्हा तू मला काय म्हणालास?"

मी तेव्हा स्वयंपाकघरात होते ना, मला काय माहीत! म्हटलं, उत्तर पुढच्या रविवारी. तिघंही एका सुरात ओरडली, "ताई, असं नका करू!" पण चेहरे बघण्यासारखे झाले होते. चष्मिस जाताना म्हणाली, क्लास सकाळचा घेईन. प्लंबर मार्चबद्दल एक शब्द बोलला नाही.

आता सांग. काय म्हणाला होतास तू त्याला?

ताई


११ फेब्रुवारी

धाकट्या,

हे पत्र आधीच्याच्या पाठोपाठ येतंय, दोन्ही एकदम मिळाली तर आधी ते वाच.

प्लंबरला आज पाइप बघायला बोलावलं. मुद्दाम थोडं लाडीगोडीने विचारलं, काय रे म्हणाला होता तो तुला, माझ्यापुरतं सांग. तो म्हणाला, "ते त्यालाच विचारा, ताई. मी सांगितलं तर मग तो आवाज माझाच झाला." अडेलतट्टू आहे अगदी. तुझाच दोस्त.

मग तो मागच्या खोलीत गेला. भिंतीला कान लावला, नळ सोडले, बंद केले, पान्याने कुठेकुठे ठोकून बघितलं. बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "या भिंतीत पाइपच नाही, ताई."

मी म्हटलं, असं कसं, मी ऐकते ना. रोज. दोनदा, मग थांबून एकदा.

त्याने पाना पिशवीत ठेवला. मग म्हणाला, "मागच्या ऑगस्टात त्यानेही मला हीच भिंत दाखवायला बोलावलं होतं. तुम्ही लॅबला गेला होतात. त्यालाही मी हेच सांगितलं. तो म्हणाला, ताईला बोलू नकोस, ती आत्ता कुठे झोपायला लागलीय."

प्लंबर गेल्यावर मी त्या गुंडाळलेल्या गादीवर बसून राहिले. लॅबला गेलेच नाही.

म्हणजे तूही ऐकत होतास. एकाच घरात, भिंतीच्या या बाजूला मी आणि त्या बाजूला तू, दोघंही पाइप वाजतो म्हणून आपली समजूत घालत पडलेले. आणि तू ते टेबलावर नेलंस, कारण तिथे आणखी तीन माणसं ते ऐकणार होती. आता मला कळतं. मी राक्षस आणला तेव्हा कुणी घाबरलं नाही, कारण मलाच राक्षसाची भीती वाटत नाही. आपल्याला खरंच जे खातं तेच दुसऱ्याला घाबरवतं, उसनं आणून चालत नाही. तू आईचं मरण खेळायला काढलं नव्हतंस. तुला ते एकट्याला ऐकवत नव्हतं. एवढंच होतं, आणि हे मला नळाची दुरुस्ती करणाऱ्याकडून कळावं लागलं! माझ्याजवळ का बोलला नाहीस रे, गाढवा?

मी बोललेले शब्द मागे घेते. सगळे. घरात पाऊल टाकू नकोस, हा तर आधी.

रविवारच्या आत उत्तर येणार नाही, हे कळतंय मला. तरी वाट बघते.

ताई


१५ फेब्रुवारी, संध्याकाळ

धाकट्या,

तिघं वेळेआधी आली. बाईंनी तर चहासुद्धा नको म्हटलं, आधी आवाज, म्हणाल्या. मी बश्या मांडल्या. आज एक माझ्यापुढेही ठेवली, का ते सांगता येत नाही. सूत्रधारापुढे बशी नसते हे माहीत आहे मला.

मनात उत्तरं जुळवून ठेवली होती. तू काय म्हणाला असशील? 'मी आहे ना' म्हणाला असशील. 'कंदील तू धर' म्हणाला असशील. काहीतरी ठोकून द्यावं, चुकलं तर चुकलं, मग तो आवाज खोटा ठरेल, भुयारातलं काहीतरी त्याच्या आवाजात बोलत होतं, असं म्हणायचं. खेळ म्हणून झकास झालं असतं. तिघं किंचाळली असती. महिनाभर त्यावर बोलली असती.

प्लंबरने पुन्हा विचारलं. "कंदीलवाल्या, काय म्हणाला होतास मला?"

मी तोंड उघडलं. आणि माझ्या लक्षात आलं की मी आता चुकीचं बोलले तर कंदीलवाला मेला. त्या अंधारात पुढे कुणी नाही, हे मी माझ्या तोंडाने सांगणार. आणि मला ते सांगवेना. तिघंही माझ्याकडे बघत होती, आणि मला एवढं घाबरलेलं आठवत नाही, आईच्या शेवटच्या दिवशीसुद्धा नाही, तेव्हा निदान तू शेजारी उभा होतास.

मी माझी बशी उपडी केली.

कुणी एक शब्द विचारला नाही. नियमच आहे. पण नियम होता म्हणून त्या तिघांनी काय केलं ते ऐक. बाईंनी फासे गोळा करून डबीत ठेवले. चष्मिसने चहा टाकला, साखर दुप्पट घातली, आणि प्लंबरने स्वयंपाकघरातल्या नळाचं ठिबकणारं वॉशर बदललं, जे मी त्याला कधी सांगितलंही नव्हतं. मग चौघं अंधार पडेपर्यंत बसलो. जाताना बाई म्हणाल्या, "पुढच्या रविवारी येतोच आम्ही. खेळ असो नसो."

तेव्हा तो प्रश्न मिटला, तिघं येणार. मला आनंद व्हायला हवा, आणि झालाही आहे. पण दार लावून वळले तर टेबलावर माझी बशी तशीच उपडी. ती सरळ करायला माझा हात होईना.

या पत्राबरोबर एक बशी पाठवते आहे, वर्तमानपत्रात नीट गुंडाळून. आपल्याच सेटमधली आहे, कडेला टवका उडालेली, तुझी. माझी पत्रं तुला नको असतील तर बशी परत पाठव. मी लिहायची थांबेन आणि कारण विचारणार नाही, आजही नाही आणि नंतरही नाही.

ताई


१ मार्च

धाकट्या,

काल दुपारी पेटीत कार्ड होतं. बशी नव्हती. आधी मी पेटीत हात घालून चाचपून बघितलं, खाली आणखी काही आहे का म्हणून, वेड्यासारखी.

तुझं अक्षर अजून तसंच घाण आहे. वर 'ताई' नाही, खाली नाव नाही. एकच ओळ: "आळीपाळीनं घाबरू. आधी तू."

मी ती उभ्याउभ्या वाचली. मग बसून वाचली. मग लॅबमध्ये नेऊन तिथल्या बत्तिशांना वाचून दाखवली.

मागच्या रविवारी फासे कुणी काढलेच नाहीत, नुसता चहा झाला. आज रविवार. तिघं आली, बश्या मांडल्या, मी माझीही मांडली, सरळ. भुयारात होतो तिथेच होतो आम्ही. प्लंबर प्रश्न विचारायला कचरत होता, पुन्हा ताईंना काही होईल म्हणून. मी म्हटलं, विचार बाबा. त्याने विचारलं. आणि मी तुझ्यासारखा घोगरा आवाज काढला. जमला नाही, बेडूक अडकल्यासारखा निघाला, पण कुणी हसलं नाही. म्हटलं, "आळीपाळीनं घाबरू. आधी तू."

प्लंबरने दोन्ही हात तोंडावर घेतले. एवढा मोठा माणूस मुलासारखा रडला. मग त्याने सांगितलं. तो शिकाऊ असताना एकदा गटाराच्या पाइपात अडकला होता, अर्धा दिवस. तेव्हापासून नुसतं 'भुयार' म्हटलं तरी त्याचा श्वास कोंडतो. तुमच्या पहिल्या डावात तो बशी उपडी करणार होता, तेवढ्यात तुझ्या म्हाताऱ्याने त्याला हे म्हटलं. घाबरू नकोस म्हणाला नाहीस. आळीपाळीनं घाबरू म्हणालास, म्हणजे एक जण घाबरेल तेव्हा दुसरा कंदील धरेल. म्हणून तो चार वर्षं येत राहिला. बाई डोळे पुसत म्हणाल्या, "म्हणजे खराच आहे तो." चष्मिसने फासे न टाकताच सांगितलं की आम्ही धावत त्याच्याकडे जातो. मी म्हटलं, वळणापलीकडे तो बसलेला आहे, कंदिलातलं तेल संपलं होतं म्हणून दिसत नव्हता.

तिघं गेल्यावर मी तुझं कार्ड पुन्हा काढलं. ते उत्तर प्लंबरसाठी आहे, हे कळतंय. पण कार्डावर पत्त्यात नाव माझं आहे.

म्हणून सांगते. मी घाबरले, धाकट्या. भिंत वाजते म्हणून घाबरले. ती वाजायची थांबली तर आई पुरतीच जाईल, म्हणूनही घाबरले. तू परत कधी ताई म्हणणार नाहीस म्हणून घाबरले, आणि हे सगळं एकटीने, दिवा घालवून. माझं पुरेपूर घाबरून झालंय.

आता तुझी पाळी. तू घाबर, हवं तेवढं. कंदील मी धरते.

रविवारी बशी चार जणांचीच मांडते, कारण पाचवी तुझ्याकडे आहे. येताना ती घेऊन ये.

तुझी ताई